गावातल्या गावात गाडी सांगताना

गेल्या महिन्यात याच पानावर मी सहज एक ओळ लिहिली होती, ‘परगावी गाडी केली आणि घोटाळा झाला, असं असेल तर कळवा.’ पत्रांचा ढीगच आला. वाचून पाहिलं तर खरंच फसलेले थोडे, आणि आधी नीट न बोलल्यामुळं नंतर भांडलेले जास्त. मला त्याचं नवल वाटलं नाही. १९९५ पासून तेवीस वर्षं बेळगावच्या गुड्स शेड रोडवर आमच्या ट्रॅव्हल्सची एक खोली होती आणि तिथला फोन मी उचलत होते. सुरुवातीला एक अँबॅसिडर आणि एक सुमो, मग इंडिका, शेवटी दोन इनोव्हा. गाडी आमचे हे चालवायचे, बोलणी मी खायचे.

निवडक पत्रांना उत्तरं देते. पत्रं थोडक्यात करून घेतली आहेत.

प्रश्न : *माहेर बेळगावातल्या शहापूरचं, पण चाळीस वर्षं ठाण्यात आहे. जानेवारीत ८२ वर्षांच्या आईला घेऊन मुंबईहून विमानानं बेळगावला येतेय. पहिल्या दिवशी सांबऱ्याच्या विमानतळावरून टिळकवाडीत भावाकडं. दुसऱ्या दिवशी कपिलेश्वर, शहापुरातलं जुनं घर, मिलिटरी महादेव आणि दोन नातेवाईक. फोन केला तर एका ट्रॅव्हल्सनं सातशे सांगितले, दुसऱ्यानं अडीच हजार. एकाच गावात एवढा फरक? त्यापेक्षा ॲपवरून गाडी का करू नये? — एक वाचक, ठाणे*

ताई, दोघांनीही बरोबर सांगितलं असणार. तुम्ही दोघांना वेगवेगळं विचारलंत. सातशे हा ‘ड्रॉप’चा भाव, म्हणजे सांबऱ्याला घ्यायचं, टिळकवाडीत सोडायचं, विषय संपला. अडीच हजार ‘लोकल’चा, म्हणजे दिवसभर गाडी तुमच्या दारात. फोनवर माणूस नुसतं ‘बेळगावात गाडी पाहिजे’ म्हणतो, आणि पलीकडचा त्याच्या मनाला येईल ते समजतो. तेव्हा फोन लागला की आधी हाच एक शब्द वापरा, ड्रॉप की लोकल.

लोकलमध्ये आमच्या धंद्यात दोन मापं चालतात, चार तास चाळीस किलोमीटर आणि आठ तास ऐंशी किलोमीटर. त्यावर गेलं की जादा किलोमीटरचा एक दर आणि जादा तासाचा एक. लोक किलोमीटरच्या दरावर घासाघीस करत बसतात. बेळगावात त्याचा काही उपयोग नाही! तुम्ही लिहिलेली सगळी ठिकाणं फिरून पुन्हा टिळकवाडीत आलात तरी तीस किलोमीटर होणार नाहीत. संपतात ते तास. एका मावशीकडं चहा म्हणून बसलात की दीड तास जातो, वर टिळकवाडीचं रेल्वे गेट पडलं की ती वेगळी पंधरा मिनिटं. म्हणून जादा तासाचे किती घेणार ते विचारून ठेवा, किलोमीटरचं सोडून द्या.

दुसरं, मीटर कुठून सुरू होतो ते विचारा. बरेच ट्रॅव्हल्सवाले ‘गॅरेज टू गॅरेज’ धरतात. म्हणजे गाडी त्यांच्या जागेवरून निघाली तेव्हापासून परत तिथं पोचेपर्यंत वेळही तुमचा आणि किलोमीटरही तुमचे. यात लबाडी काही नाही, फक्त ते आधी सांगितलेलं नसतं. आम्हीही तसंच धरत होतो. टिळकवाडीच्या माणसानं कणबर्गीच्या मालकाची गाडी केली की अर्धा-पाऊण तास असाच जातो, त्यामुळं घराजवळचा ट्रॅव्हल्सवाला बरा.

आता ॲपचं. सांबऱ्यावरून दिवसाउजेडी घरी यायला ॲप चालेल, विमानतळ गावापासून दहा-बारा किलोमीटरच आहे. कर्नाटक सरकारनं २०२४ च्या सुरुवातीला शहर टॅक्सी आणि ॲपच्या टॅक्सी यांना एकच दर लावला. दहा लाखांपर्यंत किमतीच्या गाडीला पहिल्या ४ किलोमीटरना १०० रुपये, पुढं किलोमीटरला २४. रात्री बारा ते सकाळी सहा दहा टक्के जादा. थांबायला पहिली पाच मिनिटं फुकट, मग मिनिटाला रुपया. या हिशेबानं बारा किलोमीटरना तीनशेच्या आत-बाहेर होतात, वर जीएसटी. प्रत्यक्षात विमानतळावर याहून जास्त सांगतात, कारण परत जाताना गाडी रिकामी जाते. तरी हा आकडा डोक्यात ठेवून बोला, सातशेचे पाचशे होतात की नाही बघा.

मात्र दुसऱ्या दिवशी आईंना घेऊन फिरताना ॲप नको. प्रत्येक दारातून नवी गाडी, नवा ड्रायव्हर, त्याला नव्यानं रस्ता सांगायचा, तोवर त्या काठी धरून पायरीवर उभ्या. तेवढ्यासाठी अडीच हजार जास्त नाहीत. आणि गाडी कुठली ते विचारा. डिझायरसारख्या गाडीत बसायला खाली वाकावं लागतं, इनोव्हात वर चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना मधल्या उंचीची अर्टिगा सोपी पडते. तेवीस वर्षांत किती आज्यांना हात देऊन चढवलं असेल त्याचा हिशेब नाही, तेव्हा हे माझं ऐकाच.

तुम्ही शहापूरच्या म्हणून एक आठवण सांगते. चूक माझीच होती. एका लग्नाला नवरीला कार्यालयात न्यायची गाडी होती. फोनवर बाई म्हणाल्या, ‘खडे बझारात या.’ मी वहीत लिहिलं, खडे बझार. हे गावातल्या खडे बझारात जाऊन उभे राहिले, आणि नवरी शहापूरच्या खडे बझारात शालू नेसून दारात! तेव्हा मोबाईल फार कुणाकडं नव्हते. मुहूर्त साधला, पण नवरी शेजाऱ्याच्या रिक्षातून गेली आणि आमचं भाडं बुडालं ते बुडालं. तेव्हापासून मी ‘कुठला खडे बझार?’ विचारल्याशिवाय पेन उघडलं नाही. कंग्राळीचंही तेच, बुद्रुक वेगळी, खुर्द वेगळी. आता लोक मोबाईलवर लोकेशन पाठवतात, चांगलं आहे, पण घरात बसून पाठवा. चालत्या रिक्षातून पाठवलेलं लोकेशन गेटाच्या पलीकडं जाऊन बसतं. आणि गणपत गल्ली, मारुती गल्लीत संध्याकाळी गाडी दारापर्यंत आणायचा हट्ट धरू नका. चौकात उतरा आणि ड्रायव्हरला लांब कुठं तरी लावू दे.

जाता जाता : ॲपमध्ये बेळगाव टाका नाहीतर २०१४ नंतरचं बेळगावी, दोन्ही सापडतंय. भांडण आपलं आहे, मशीनचं नाही.

प्रश्न : *मुलाच्या साखरपुड्याला पाहुण्यांना स्टँडवरून कार्यालयात आणायचं आहे, संध्याकाळी परत सोडायचं. चुलतभावाच्या ओळखीचा एकजण स्वतःची नवी कोरी गाडी निम्म्या भावात देतो म्हणतोय. तिचा बोर्ड पांढरा आहे. त्यानं काय बिघडतं? दोन पाहुण्यांना कोल्हापूरला सोडायचंही आहे. — एक वाचक, निपाणी*

काही झालं नाही तर काही बिघडत नाही. बिघडतं ते काही झाल्यावर.

आमच्याकडं यलो बोर्ड आणि व्हाइट बोर्ड म्हणतात ते रंग उगीच नाहीत. पिवळ्यावर काळी अक्षरं ती भाड्याची, पांढऱ्यावर काळी ती घरची. काळ्यावर पिवळी अक्षरं दिसली तर ती गाडी भाड्यानं घेऊन आपण स्वतः चालवायची. विजेच्या गाड्या हिरव्या पाटीच्या, त्यातली भाड्याची पिवळ्या अक्षरांची आणि घरची पांढऱ्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणं भाडं घेऊन माणसं न्यायची तर गाडीला परमिट लागतं, ते पांढऱ्या बोर्डाला नसतं. वाटेत पोलिसांनी किंवा आरटीओनं धरलं तर गाडी त्यांच्याकडं जाते आणि तुमचे पाहुणे रस्त्यावर. अपघात झाला तर विमा कंपनी म्हणू शकते की घरच्या गाडीचा धंदा केला, आम्ही आतल्या माणसांचं देणार नाही. चुलतभाऊ स्वतः गाडी काढून पैसे न घेता पाहुणे आणत असेल तर गोष्ट वेगळी, त्याला डिझेल आणि टॉवेल-टोपी द्या.

कोल्हापूरला सोडायचं म्हणता, तर कोगनोळीला राज्याची हद्द ओलांडायची आहे. चिकोडी पासिंगच्या केए-२३ गाडीला ऑल इंडिया परमिट असेल तर सरळ जाईल. नसेल तर महाराष्ट्रात शिरायला वेगळं परमिट काढून कर भरावा लागतो. ‘कर कुणाचा?’ हे आजच विचारा. बहुतेक ट्रॅव्हल्सवाले तो गिऱ्हाइकावर टाकतात, टोल आणि पार्किंगसारखाच. आणि कोल्हापूर म्हणजे लोकल नव्हे. तिथला हिशेब आउटस्टेशनचा, म्हणजे बाहेरगावचा, दिवसाला कमीत कमी इतके किलोमीटर धरणारच, वर ड्रायव्हरचा बाटा, म्हणजे त्याचा भत्ता. त्यापेक्षा त्या दोघांना एसटीत बसवून दिलंत तर ते तासाभरात पोचतील आणि तुमचे दोन हजार वाचतील. माझा धंदा असता तर मी हे सांगितलं नसतं.

प्रश्न : *आई-वडिलांना काशीला घेऊन जातोय. हॉटेल गोदौलियाजवळ गल्लीत आहे. ऑनलाइन ‘वाराणसी स्टेशन ते हॉटेल, खाजगी गाडी’ असं बुकिंग मिळतंय, सगळे पैसे आधी भरायचे आहेत. भरू का? वडिलांना फार चालवत नाही. — एक वाचक, खानापूर*

पैसे भरायच्या आधी तुमचं तिकीट काढून बघा आणि उतरायचं स्टेशन कुठलं ते वाचा. वाराणसी स्टेशन म्हणजे जंक्शन, तिथले लोक कँट म्हणतात. वाराणसी सिटी वेगळं. बनारस हे आणखी वेगळं, ते पूर्वीचं मंडुवाडीह, २०२१ मध्ये नाव बदललं. काशी नावाचंही एक आहे. आणि काही गाड्या गावात न येता गंगेच्या पलीकडं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला थांबून पुढं जातात. ते म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडचं मुघलसराय, २०१८ पर्यंत तेच नाव होतं. तुम्ही तिथं उतरलात आणि गाडी कँटला उभी, तर पैसे गेले आणि मधे गंगा. बुकिंगमध्ये स्टेशनचं नाव, रेल्वेचा नंबर आणि डबा, तिन्ही लिहा. विमानानं जात असाल तर विमानतळ बाबतपूरला आहे, गावापासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास.

हाच घोटाळा आपल्या शेजारी गोव्यातही होतो. २०२३ च्या जानेवारीपासून तिथं दोन विमानतळ झाले. मोपा वर पेडण्यात, दाबोळी खाली वास्कोजवळ. तिकिटावर दोन्हीकडं गोवाच लिहिलेलं. अक्षरं बघायची, दाबोळीला जीओआय आणि मोपाला जीओएक्स. माझ्या भाच्यानं न बघता गाडी सांगितली आणि अख्खा गोवा उभा कापला.

आता तुमचं खरं दुखणं. गोदौलियाच्या भागात चारचाकी आत सोडत नाहीत, आणि विश्वनाथाच्या बाजूच्या गल्ल्यांत तर गाय आणि माणूस यांनाच जेमतेम जागा असते. ‘स्टेशन ते हॉटेल’ असं छापलेलं असलं तरी गाडी जिथं अडवतात तिथं तुम्हाला उतरवणार आणि ड्रायव्हर म्हणणार, ‘बस, यहीं तक.’ तो खोटं बोलत नसतो. म्हणून गाडीवाल्याला नाही, हॉटेलला फोन करा. तीन गोष्टी विचारा : गाडी नेमकी कुठपर्यंत येते, तिथून हॉटेल किती पावलं, आणि सामान घ्यायला माणूस पाठवाल का. पायऱ्या किती तेही विचारा, घाटाजवळची हॉटेलं उभी असतात. माणूस पाठवायला हॉटेल तयार असेल तर गाडीही त्यांनाच सांगायला लावा. शंभर-दोनशे जास्त जातील, पण वडिलांचा हात धरायला तिथला एक माणूस असेल. उतरल्यावर पुढं ई-रिक्षा किंवा सायकल रिक्षा मिळते.

सगळे पैसे आधी भरू नका. थोडा ॲडव्हान्स, बाकी उतरल्यावर, असं म्हणून बघा. ऐकलं नाही तर रद्द केल्यावर पैसे किती तास आधीपर्यंत परत मिळतात तेवढं वाचा आणि मगच कार्ड काढा. रेल्वे लेट झाली तर काय, हेही तिथंच लिहिलेलं असतं. उत्तरेत थंडीत धुक्यानं रेल्वे किती उशिरा येईल हे विश्वनाथच जाणे.

प्रश्न : *सुनेबरोबर आणि दोन वर्षांच्या नातवाबरोबर सिंगापूरला मुलाकडं जायचंय. विमान १४ तारखेच्या रात्री पोचतं. मुलगा कामावर असेल, म्हणून आम्हीच खाजगी गाडी बुक करतोय. मला इंग्रजी येत नाही, सुनेला येतं. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, अथणी*

तारीख आधी तपासा. ‘१४ च्या रात्री’ म्हणजे किती वाजता? रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी उतरत असाल तर ती १५ तारीख झाली, आणि तुम्ही गाडी १४ ची केली असेल तर ती आदल्या रात्री येऊन, वाट बघून, निघून गेलेली असेल. ही चूक मी शिकल्या-सवरलेल्या लोकांकडून अगणित वेळा होताना बघितली आहे. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं असतं. तिकिटावर उतरण्याची वेळ तिथलीच छापलेली असते, त्यात तुम्ही परत अडीच तास मिळवू नका. बुकिंगमध्ये विमानाचा नंबर घाला, म्हणजे उशीर झाला तर त्यांना परस्पर कळतं. तिथल्या चांगी विमानतळाला चार टर्मिनल आहेत, तुमचं कुठलं तेही लिहा.

नातवाचं महत्त्वाचं. तिथल्या कायद्यानं १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत त्याच्या मापाची वेगळी सीट लागते. मीटरच्या टॅक्सीला यातून सूट आहे, पण ॲपच्या किंवा तुमच्यासारखी आधी बुक केलेल्या खाजगी गाडीला नाही. म्हणजे बुकिंग करताना ‘चाइल्ड सीट’वर खूण केली नाही तर ड्रायव्हर पोराला घेणारच नाही, आणि त्याचं बरोबर असेल. मांडीवर घेते म्हणून चालत नाही. अथणीहून बेळगावला आपण पाच पोरं मांडीवर आणतो ते इथंच.

मीटरची टॅक्सी मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत भाड्यावर पन्नास टक्के जादा घेते. त्यामुळं तुम्हाला जो ठरलेला आकडा सांगतात तो दिवसाच्या टॅक्सीशी नाही, रात्रीच्या टॅक्सीशी ताडून बघा. नावाची पाटी घेऊन उभा राहणारा माणूस हवा का, तेही विचारा. तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणता, तर घ्याच. पाटीवर नाव सुनेचं असू दे, तिच्या पासपोर्टावर असेल तसं. फुकट थांबायची मुदत विमान टेकल्यापासून धरतात की ठरलेल्या वेळेपासून, एवढं सुनेला वाचायला सांगा. पोराला घेऊन इमिग्रेशन आणि सामान म्हणजे तास लागतो.

प्रश्न : *डिसेंबरात बेळगावात भाचीचं लग्न. दोन महिने आधी फोन केला तरी गाड्या नाहीत म्हणतात. हे खरं की भाव वाढवायला? — एक वाचक, चंदगड*

थोडं खरं, थोडं भाव वाढवायला. बहुतेक वर्षी डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. अख्खं बेंगळुरू इथं येतं आणि इनोव्हा तर औषधाला मिळत नाही. अधिवेशनाच्या तारखा कळेपर्यंत ट्रॅव्हल्सवाले मोठ्या गाड्या अडवून ठेवतात. तुम्ही इनोव्हाचा नाद सोडा, दोन छोट्या गाड्या सांगा. गावातल्या गावात एक इकडं, एक तिकडं धावली तर जास्त सोय होते.

आणि फोनवर कुणी बाई ‘मी गाडी पाठवतो’ म्हणाली तर गोंधळू नका. तुम्ही चंदगडचे, तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडं बायकाही येतो-जातो म्हणतात. पुण्याचे एक गृहस्थ मला म्हणाले होते, ‘पाठवतो म्हणजे कोण पाठवतो? त्यांनाच द्या फोन.’ मी फोन बाजूला ठेवला, दहापर्यंत मोजले, परत उचलला आणि म्हटलं, ‘बोला, मीच पाठवतो.’ ड्रायव्हरनं फोन करून कन्नडमध्ये ‘एल्ली अदीरी?’ विचारलं तर कुठं आहात एवढंच विचारतोय. मराठीत उत्तर द्या, त्याला कळतं.

प्रश्न : *दिवसभराची गाडी केली की ड्रायव्हरच्या जेवणाचं काय? सासूबाई म्हणतात आत बोलवा. हे म्हणतात त्याचा बाटा दिलाय. — एक वाचक, संकेश्वर*

बाटा बाहेरगावी आणि रात्रीच्या मुक्कामाला असतो. गावातल्या आठ तासांत तो बहुधा धरलेला नसतो, तेव्हा यजमानांना बिल एकदा वाचायला सांगा. पण बाटा असो-नसो, त्याला वेळ सांगा. ‘दीड ते अडीच आम्ही हलत नाही, जेवून या’ एवढं म्हटलं की झालं. नाहीतर तो बिचारा किल्ली हातात धरून दारात उभा राहतो, कधी हाक येईल म्हणून. आत बोलवायचं तर तुम्ही बसाल तेव्हाच बोलवा.

आमच्या ह्यांच्या डिकीत स्टेपनीशेजारी कायम भाकरीचा डबा असायचा. लग्नघरात कुणाला तरी चार वाजता आठवण व्हायची, ‘अहो, ड्रायव्हर जेवले का?’ तोवर ह्यांचा डबा खाऊन, धुऊन, पालथा घालून झालेला असे. तरी ते जाऊन पानावर बसत. बुंदीचा लाडू डब्यात नसतो म्हणायचे.